बारशाआधीची अक्षरं

रेऊ झोपली की शेफालीच्या हातांना घाई सुटायची. मांडीवरून तिला अलगद गादीवर ठेवायचं, पाठीशी उशी लावायची, पंखा जरा हळू करायचा आणि पावलं न वाजवता स्वयंपाकघरात ओट्यापाशी जायचं. लॅपटॉप ओट्यावरच असायचा, मिक्सरच्या शेजारी, आणि ती उभ्यानेच काम करायची. बसलं की झोप येते हे एक, आणि बसलेली बाई घरात सगळ्यांना मोकळी वाटते हे दुसरं. आज तिने झाकण उघडलं, बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, त्याखाली ठिपक्यांचं कडं गरागरा फिरायला लागलं, फिरत राहिलं, आणि विहिरीत दगड पडून पाणी पुन्हा मिटावं तसं सगळं काळं झालं. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा कडं, पुन्हा काळं. त्या काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला, खांद्यावर रेऊच्या लापशीचा डाग, आणि पोटात काहीतरी टुणकन उडी मारून उभं राहिलं. भीतीच होती ती. पण इतकी तरतरीत भीती तिला बऱ्याच दिवसांत भेटली नव्हती.

चूक सकाळची होती. सकाळी उघडला तेव्हा लॅपटॉप आपणहूनच अपडेटला बसला होता. ‘बंद करू नका’ असं बजावत होता आणि टक्के मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होते. ती एक डोळा त्या टक्क्यांवर ठेवून रेऊला भरवत होती आणि तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी केव्हाच मेलेली, वायर सुटली की फुंकर मारल्यासारखा विझणारा तो लॅपटॉप, तसाच विझला. लाईट परत आली ती दुपारी. गुरुवार होता. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, तो आदल्या दिवशी टाकी भरून ठेवतो आणि इस्त्री उरकतो. पण आजच्या वाराचं नाव शेफालीच्या डोक्यात गुरुवार नव्हतंच, ते ‘सोनालीताईंचा दिवस’ असं होतं. सोनालीताई नारायण पेठेत लहान मुलांची पुस्तकं काढायच्या. बाराखडीचं एक नवं पुस्तक त्यांना शेफालीने घडवलेल्या अक्षरांत छापायचं होतं. चार-पाच अक्षरांचा कागद बघून त्या म्हणाल्या होत्या, “बरी आहेत. अख्खा फॉन्ट गुरुवारी पाचपर्यंत पाठवा. सहाला आमची माणसं पानं लावायला बसतात. ती माझ्यासाठी थांबत नाहीत, तुमच्यासाठी कशाला थांबतील.” बरी आहेत, एवढंच. नारायण पेठेतलं ‘बरी आहेत’ म्हणजे इतरत्र हारतुरे, हे ओळखून शेफाली त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत बसली होती आणि शेजारच्या बाईने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली होती.

आणि तो अख्खा फॉन्ट ह्या काळ्या काचेच्या मागे होता. आणखी कुठेही नव्हता. हे तिला ठाऊक होतं, इतके दिवस ठाऊक होतं, आणि तरीही तिने त्याची दुसरी प्रत काढली नव्हती. आळस म्हणावं तर रेऊच्या आजारपणातही तिने रफार बसवले होते. विसरली म्हणावं तर कॉपीवर बोट नेऊन ते परत घेतल्याचं तिला कितीदा तरी आठवत होतं. ते बोट कुणी मागे ओढलं होतं ते तिला माहीत होतं, पण हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, आणि पहिली ती हसली असती. रेऊच्या आधी एकदा तिला दिवस गेले होते. तेव्हा ती जाहिरातीच्या ऑफिसात होती, शांपूच्या पुड्यांवरची अक्षरं काढायची. तिने टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं, पेढे वाटले, लक्ष्मी रोडवरून लिंबाएवढे मोजे आणले. “अदुगर बोलू ने,” सासूबाई, मथुराबाई, तेव्हा म्हणाल्या होत्या. “आपल्याच तोंडाची दिष्ट लागती. झबलं-टोपडं बी आणू ने घरात.” शिकलेल्या सुनेने ते गालातल्या गालात हसत ऐकून घेतलं होतं. मग तिसऱ्या महिन्यात एके दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये ते सगळं संपलं. दवाखान्यातून परत आली तेव्हा कपाटाच्या खणात मोजे नव्हते. मथुराबाईंनी ते कुठे नेले हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यावर घरात कुणीही एक शब्द बोललं नाही. रेऊच्या वेळी तिने नवऱ्याला, सूरजलासुद्धा लगेच सांगितलं नव्हतं.

फॉन्टचं तसंच झालं. रेऊ पालथी पडायला लागली त्या सुमाराला तिने पहिला ‘क’ काढला, आणि मग रेऊच्या झोपांमधून एकेक अक्षर होत गेलं. ‘ग’ झाला तो लस टोचल्याच्या दिवशी, तापलेलं पोर छातीशी बांधून. ‘ठ’ ज्या दुपारी ती पहिल्यांदा आधाराशिवाय बसली त्या दुपारचा. ‘र’ला मात्र कुठलीच आठवण नव्हती, तो कुठून आला कोण जाणे. ह्यातलं तिने कुणाला काही सांगितलं नाही. फाईलचं नावसुद्धा ठेवलं नाही, ‘नवीन दोन’ एवढंच लिहिलं. बाळ जन्मायच्या आधी का कुणी बारसं करतं. आणि प्रत काढणं म्हणजे तर काय, हे जाणार आहे असं धरून त्याच्या जाण्याची सोय करणं. शुभ बोल रे नाऱ्या. पूर्ण होऊ दे, सोनालीताईंकडे पोचू दे, मग लागतील तेवढ्या प्रती. असं ती स्वतःला सांगायची आणि झाकण मिटायची, आणि मिटताना बोटं क्षणभर झाकणावर ठेवायची. कुणी बघत नसायचं.

आता तीच बोटं चालू-बंदच्या बटणावर दाबून धरलेली होती. वायर काढली, लावली. प्लग बदलला, मिक्सरचा काढून तिथे घातला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काळ्याच्या जागी एकदम निळं आलं, आणि निळ्यावर पर्यायांच्या चौकटी आल्या, आणि शेफालीचे कान गरम झाले. ताजं अपडेट काढून टाका, असा एक पर्याय होता. तिने तो दाबला. कडं फिरलं. ती ओट्याच्या कडेला दोन्ही हात रोवून उभी राहिली, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी बुलेट चालू करत होतं, ती फुरफुरून बंद पडत होती, पुन्हा फुरफुरत होती, आणि तिला वाटलं आपल्या दोघांचं एकदमच चालू होणार. बुलेट चालू झाली आणि गेली. पडद्यावर आलं, काढता आलं नाही. मग दुसरा पर्याय, मग तिसरा. प्रत्येक वेळी नकार, आणि प्रत्येक नकारानंतर ती अधिकच टवटवीत. तिला जरा लाजच वाटली. घर जळतंय आणि आपल्याला शेकायला बरं वाटतंय असं काहीतरी. दोन वर्षं सगळं कसं मऊ होतं, मऊ भात, मऊ दुपटी, मऊ आवाजात बोलणं, आणि ह्या मऊपणात तिचं कुठलंतरी टोक बोथट होत चाललंय असं तिला अंघोळ करताना वगैरे वाटायचं. आज ते टोक होतं. ती बोटांच्या पेरांपर्यंत जागी होती.

शेवटी उरला रीसेट. तिने सूरजला फोन लावला. तो डेअरीत कामावर होता, मागे कॅनचा खणखणाट.

“अगं मग मार ना रीसेट.”

“फायली राहतील?”

“लिहिलंय ना तिथं राहतील म्हणून.”

“लिहिलेलं सगळं खरं असतं का?”

“मग तुझं तू बघ बाई. एवढं काय आहे त्यात? रेऊचे फोटो तर सगळे माझ्याकडे आहेत.”

“काही नाही,” ती म्हणाली. “काही नाहीये तसं.”

मग तिने बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्या तौफिकला लावला. मागे एकदा त्याच्याकडून चार्जर घेतला होता, नंबर होता. त्याने अर्धंच ऐकलं. “ताई, काय काय दाबलंत? बरं. आता हात वर करा. पोलिसांनी सांगितल्यासारखे. कशालाही हात लावू नका आणि तसंच घेऊन या.”

ती वळली तर दारात मथुराबाई, कडेवर रेऊ, झोपमोड झाल्याने ओठ काढलेली. सासूबाई दुपारच्या निजायच्या नाहीत. खिडकीशी बसायच्या. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती तिथे त्यांनी ऐन तारुण्यात ज्वारी खुरपली होती, आणि आता त्या सातव्या मजल्यावरून खालच्या गाड्या बघत बसायच्या, कुणाची गाडी तिरकी लागली की त्यांना चैन पडायची नाही.

“कुठं निघालीस?”

“बुधवारात, आई. लॅपटॉप बंद पडलाय. लगेच दुरुस्त व्हायला हवा.”

“लगीच हवाय व्हय?” त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय वाचलं कोण जाणे. “मग पोरीला मी घेती. चल. चप्पल घालू दे.”

रिक्षात लॅपटॉप रेऊच्या पिशवीत होता, लंगोट आणि पुसायच्या कागदांच्या मध्ये, आणि ती पिशवी शेफालीने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. कात्रजच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. एरवी ह्या चौकाने तिला रडू आणलं असतं, आज ती पुढच्या टेम्पोच्या मागची अक्षरं बघत होती. ‘बघतोस काय’ मधला ‘घ’ कुणीतरी काय झोकात काढला होता, रंगाऱ्याचा ब्रश सुटलाच होता हातातून. ह्याच रस्त्याने, अशाच दुपारी, अशाच रिक्षात ती बाळंत व्हायला गेली होती, आणि शेजारी ह्याच होत्या. कळ आली की मथुराबाई रिक्षावाल्याला म्हणायच्या, “बाबा, हळू,” आणि ओसरली की, “बाबा, बिगी बिगी.” तो बिचारा शेवटी म्हणाला होता, आजी, तुम्हीच चालवा. तेव्हाही असंच वाटलं होतं, हे आठवून ती दचकली. तेव्हाही भीतीच्या पोटात ही उत्सुकता होती, बघूया तर काय होतंय, आता होणारच आहे काहीतरी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आया तशा सांगत नाहीत, आया सांगतात किती दुखलं ते. तिने पिशवी आणखी जवळ ओढली. तिथे कुठल्याशा कप्प्यात ‘क’ होता, ‘ग’ होता, ‘ठ’ होता, किंवा नव्हता. स्वारगेट गेलं. रेऊ आजीच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होती. “मंडईपाशी सोडतो ताई,” रिक्षावाला म्हणाला. “आत गल्लीत घातली तर बाहेर निघेपर्यंत माझं पोरगं दहावी होईल.”

तौफिकचं दुकान म्हणजे एक माणूस उभा आणि एक माणूस आडवा मावेल एवढी फट, भिंतीभर पोट उघडून टांगलेले लॅपटॉप. मथुराबाईंना त्याने स्टूल दिलं आणि रेऊच्या हातात एक निकामी माउस. मग लॅपटॉप चालू केला, कडं बघितलं, काळं बघितलं, मान हलवली.

“अपडेट चालू होतं का?”

“हो.”

“आणि लाईट गेली.”

“हो.”

“गुरुवारी.” त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “पुण्याच्याच ना तुम्ही?”

“जन्मापासून.”

“बॅकअप?”

“नाही.”

“थोडासासुद्धा?”

“नाही.”

“आयटीत आहात का?”

“नाही.”

“मग जाऊ द्या. आयटीतले असता तर बोललो असतो.” त्याने लॅपटॉप उलटा केला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. “पण का नाही ठेवला? सगळे सांगतात वेळ नव्हता. तुमचं तोंड तसं दिसत नाही.”

आणि शेफालीने त्याला खरं ते सांगितलं. का ते तिला नंतरही कळलं नाही. कदाचित तो बघत नव्हता म्हणून, त्याचे डोळे स्क्रूवर होते म्हणून. अक्षरं करतेय, वर्ष होऊन गेलं, कुणाला माहीत नाही, आज पाचपर्यंत गेली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या कुणाच्या अक्षरांत निघेल. प्रत काढली नाही कारण, आणि इथे ती अडखळली, कारण आधी झबलं आणत नाहीत ना, तसं. बोलून गेल्यावर तिला मागच्या स्टुलाची आठवण झाली आणि मान गरम झाली. तौफिक हसला नाही. त्याने एकेक स्क्रू चहाच्या बशीत ठेवला.

“माझ्या बायकोला सातवा चालूये,” तो म्हणाला. “जैनबला. तिच्या अम्मीने घरात टोपडंसुद्धा येऊ दिलेलं नाही. मी म्हणालो, ठीक आहे, नका आणू. पण ताई, दवाखान्यात नाव तर घातलंय आम्ही. नाव घालणं म्हणजे काही वाईट चिंतणं नाही ना.”

मागून मथुराबाई म्हणाल्या, “कसली अक्षरं गं?”

“लहान मुलांच्या पुस्तकासाठी, आई. छापायची. मी काढलेली.”

“ओट्यापाशी उभी ऱ्हाती ती त्यासाठी व्हय? मला वाटायचं शिनिमा बघती.”

“नाही.”

“वरीसभर पोटात ठिवलंस?” रेऊने माउस जमिनीवर आपटला, त्यांनी तो उचलून पदराला पुसून परत दिला. “मला तरी सांगायचं हुतं. मी काय दवंडी पिटणार हुते?” आणि मग, तिच्याकडे न बघता, “मोजं मीच टाकलं हुतं मुठा नदीत. तुला दिसू ने म्हणून. सांगायचं माझ्याबी जिवावर आलं बघ.”

शेफालीला मागे वळायचं होतं आणि वळवेना. नदीतून जाणारे ते लिंबाएवढे मोजे तिला दिसले, पिवळे, एकापाठोपाठ एक, पुलाखालून जाणारे. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ते कुणाला तरी देऊन टाकले असतील, कुठल्यातरी दुसऱ्या पायांत असतील. तौफिकने लॅपटॉपच्या पोटातून बोटाएवढी एक हिरवी पट्टी उपसली. “हे घ्या. सगळा संसार ह्यात.” तिचा विश्वास बसेना. ‘ग’चा ताप, ‘ठ’ची दुपार, ह्या चिंगमच्या तुकड्यात. त्याने ती एका डबीत बसवली, डबीची वायर स्वतःच्या संगणकाला जोडली, आणि तो धुळीने माखलेला मोठा पडदा विचार करायला लागला.

विचार लांबला. शेफाली काउंटरच्या काचेवर नख घासत होती. आणि एकदम फोल्डर उघडले, पिवळे पिवळे, ओळीने, आणि त्यात ‘नवीन दोन’. शेजारी तिचं नमुन्याचं पान होतं, ज्यावर ती अक्षरं लावून बघायची. तौफिकने ते उघडलं. शब्द तिचे होते, कमळ, गवत, ठसा, पण अक्षरं दुसऱ्याच कुणाची, सरकारी अर्जावर असतात तसली, मख्ख. आपल्या पोराच्या कपड्यांत दुसऱ्याचं पोर. “गेलं,” ती म्हणाली. “काही गेलं नाही,” तौफिक म्हणाला, “माझ्या मशीनला तुमची अक्षरं ठाऊक नाहीत, ओळख करून द्यायला नको?” त्याने ‘नवीन दोन’मधली फाईल टिचकी मारून बसवली आणि पान पुन्हा उघडलं, आणि त्या पुसट, बोटांचे ठसे पडलेल्या पडद्यावर ती सगळी एकदम आली. गोल पोटाचा ‘ग’, टेकून बसलेला ‘ठ’, ‘क’, ‘म’, आणि आठवण नसलेला ‘र’. तिने ती कधी एवढी मोठी पाहिली नव्हती, कधी ओट्याच्या बाहेर पाहिली नव्हती. आणि मुख्य म्हणजे दुसरं कुणी त्यांच्याकडे बघताना पाहिलं नव्हतं. तौफिक बघत होता. मथुराबाई स्टुलावरून उठून पुढे आल्या, काचेला नाक लागेल इतक्या, आणि ओठ हलवत वाचायला लागल्या.

“गवताचा ग लई गुबगुबीत झालाय,” त्या म्हणाल्या.

“तसाच केलाय, आई.”

“असू दे. खात्यापित्या घरचा दिसतुया.” बोट पुढे सरकलं आणि थांबलं. “हे काय? हितं निस्तीच खिडकी हाय.”

‘झाड’ होतं तिथे. ‘झ’च्या जागी एक रिकामा चौकोन, त्याला काना, पुढे ‘ड’. शेफालीला कळायला क्षणही लागला नाही. ‘झ’ काल झाला होता. सगळ्यात अवघड म्हणून तिने तो शेवटाला ठेवला होता, आणि कितीतरी दिवस तो साधत नव्हता, आणि काल संध्याकाळी एकदाचा साधला. तेवढ्यात रेऊ रडत उठली म्हणून तिने जतन न करता नुसतं झाकण मिटलं. उद्या सकाळी बघू, म्हणून. सकाळी अपडेट बसलं होतं. बाकीचं सगळं वाचलं होतं आणि तो एकटा गेला होता, मागे चौकोन ठेवून. तौफिकने शोध शोध शोधलं, मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला आले होते.

“तुमचं हे मशीन मला वापरू द्याल?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून तौफिक बाजूला झाला. अक्षरं काढायचा प्रोग्राम फुकटातला होता, तो उतरायला लागला. तो उतरेपर्यंत रेऊ कुरकुरायला लागली, आजीकडे राहीना, म्हणून शेफालीने तिला डाव्या खांद्यावर घेतलं. पोरीने मान टाकली, गरम श्वास मानेवर, लाळेचा एक थेंब कॉलरच्या आत. उजव्या हातात दुकानातला जुना, तेलकट माउस. काल तिने तो ‘झ’ किती जपून काढला होता, बिंदू मागेपुढे करत, जाडी मोजत, ‘इ’शी नातं सांभाळत. तो आठवायला गेली तर आठवेचना. त्याची शेपटी कुठे वळत होती, पोट कुठे आत गेलं होतं, काही नाही, नुसता चौकोन. आणि मग तिला जाणवलं की आठवत नाही ह्याचं तिला काही वाटत नाहीये. हात मात्र सुटला होता. माउस अडखळत होता, बिंदू नको तिथे पडत होते, ते सरळ करायला वेळ नव्हता, बाहेर कुणी फेरीवाला ‘टॉर्च, टॉर्च’ ओरडत होता, रेऊ खांद्यावर जड होत चालली होती तशी ती किंचित तिरकी झाली होती, आणि ‘झ’ही तिच्याबरोबर तिरका होत गेला. वरून सुरुवात, एक गिरकी, पुढे आलेला गुडघा, आणि शेपटी, शेपटीला जिथे थांबायचं होतं तिथे ती थांबलीच नाही. तिने हात काढला. आत छातीत असं काही चाललं होतं की रेऊ त्याने उठेल असं वाटावं. समोरच्या ‘झ’ला ती ओळखत नव्हती. चुकीचा होता, बाकीच्यांच्या ओळीत उभा केला तर कुणीही सांगितलं असतं. तो दुरुस्त करायला तिचं बोट पुढे गेलं आणि तसंच थांबलं, आणि तिने तो होता तसाच आत घालून अख्खा फॉन्ट सोनालीताईंना पाठवून दिला.

मग वाट बघणं. तौफिकने चहा मागवला. मथुराबाईंनी बशीत ओतला, आणि स्क्रूची बशी तर ही नव्हे ना म्हणून आधी उचलून उजेडात बघितली. फोन वाजला तेव्हा शेफाली काउंटरला टेकून उभी होती, रेऊ गाढ.

“पाहिलं,” सोनालीताई म्हणाल्या. “नीट आहे. सगळं अगदी नीट आहे.”

“हो.”

“नीट म्हणतेय मी, आणि तुम्ही हो काय म्हणताय. हा झ कुणी काढला?”

“मीच. जरा घाईत झाला. मी उद्या बदलून…”

“हात लावाल तर याद राखा.” पलीकडे कागद सरकल्याचा आवाज. “बाकीची अक्षरं पंगतीला बसलेल्या व्याह्यांसारखी आहेत, शेफाली. वाढाल तेवढंच खाणार. हा एकटा पानावरून उठून स्वयंपाकघरात गेलाय, डब्यात काय आहे बघायला. पोरं त्याच्या मागे जातील. कागदावर ती चार-पाचच होती तेव्हा मला कळलं नाही, सगळी एकदम बसल्यावर कळलं. परत करा.”

“परत?”

“झ सोडून.”

“सगळी?”

“झ सोडून म्हटलं ना.”

“पण आज सहाला तुमची माणसं…”

“माणसांना मी दुसरं काम लावते. पुस्तक थांबतं हो. चुकीचं छापलं की मात्र जन्मभर कपाटातून बघत राहतं आपल्याकडे. करणार आहात का? नाहीतर तसं सांगा, मी दुसरं कुणी बघते.”

शेफालीने तोंड उघडलं. वर्षभराच्या सगळ्या दुपारी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, तापाची, दाताची, लाईट नसलेली, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता असं ही बाई सांगत होती. आपल्याला आता रडू येईल म्हणून ती थांबून राहिली. ते आलं नाही. “करते,” ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा का निघाला हे तिला समजेना. खांद्यावर रेऊ दचकली.

“काय म्हणल्या बाई?” मथुराबाईंनी विचारलं.

“एक सोडून सगळी परत काढायची आहेत.”

“अगं बया.” त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. “आन् हसतीस कशापायी?”

तिला कुठे ठाऊक होतं. तौफिक सांगत होता, मशीन दोन दिवस ठेवून जा, चालू होईल अशी खात्री देत नाही, आणि ती बरं बरं म्हणत होती. बाहेर बुधवारातली संध्याकाळ उसळली होती, दुकानांवरचे दिवे लागले होते, आणि पाटीपाटीवरचं एकेक अक्षर अंगावर येत होतं. किती ताठ उभी राहतात ही. मंडईपाशी रिक्षा मिळाली. मथुराबाई कडेला टेकल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, उद्यापासून दुपारची रेऊ माझ्याकडं, खिडकीत बसून गाड्या मोजू आम्ही, तू बसून काम कर, उभी ऱ्हाऊ नगंस. शेफालीने मान डोलावली. तिचं लक्ष नव्हतं. रेऊ तिच्या छातीवर पालथी झोपली होती, झबल्याची पाठ घामाने ओलसर, आणि त्या पाठीवर शेफालीचं बोट चालायला लागलं होतं. आधी ‘क’चा उभा काना. मग त्याला डावीकडे पोट, पण आखीव नको, जरा घसरलेलं, आणि उजवीकडचा हात, तो कशाला तरी पकडायला निघालेला. नाही, असा नाही. रिक्षाला खड्डा लागला आणि बोट घसरून लांब गेलं, खांद्यापर्यंत, आणि ती तिथेच थांबली, ते घसरलेलं वळण बोटाच्या टोकाशी धरून. पोर झोपेत हुंकारलं. शेफालीने तळहाताने ती छोटी पाठ पुसून काढली आणि पुन्हा वरून सुरुवात केली.